साळवे मामांच्या दोन पट्ट्या

आमच्या कॉलेजच्या एका प्रयोगशाळेत बोलायला बंदी होती, आणि ती प्राचार्यांनी घातलेली नव्हती. ती साळवे मामांनी घातली होती. मामांचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक, म्हणजे कागदोपत्री ते आम्हा शिकवणाऱ्यांच्या खाली. पण मशीन सुरू झालं की मामा नुसता हात वर करायचे आणि आमचे विभागप्रमुखसुद्धा तोंडातलं वाक्य गिळून उभे राहायचे. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांचा मोबाईल ऐन वेळी वाजला. मामांनी मशीन थांबवलं, त्यांच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, आधी त्याचं ऐकू या. तुमचं मग."

'त्याचं' म्हणजे मशीनच्या जबड्यात धरलेल्या ठोकळ्याचं. मामांचं काम वस्तू मोडायचं होतं. काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी सळया, विटा, फरशा, जे येईल ते. एखादी वस्तू किती भार सोसते हे कळायला ती मोडावीच लागते, आणि तीसएक वर्षं मामा हे काम मन लावून करत होते. घरी मात्र कपाची कड उडाली तरी माणूस आठवडाभर हळहळतो, असं मामी सांगायच्या.

मोडायच्या आधी वस्तू बोलते, हे मामांचं मत. बारीक कुरकुरते, मग टक् करते, मग गप्प होते, आणि मगच जाते. ते ऐकायला ते मान वाकडी करून डावा कान मशीनकडे करायचे, कारण उजवा कान तरुणपणीच गेला होता. नागापूरच्या एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये पत्रे ठोकून ठोकून तो बाद झाला, मग मामा तिथून निघाले आणि कॉलेजात लागले. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. एक कान दिला आणि ही नोकरी घेतली, असा त्यांचा हिशेब.

मूळ गाव कर्जत तालुक्यात. अंगानं काटक, उंचीला बेताचे, निळ्या एप्रनच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात पुसायची चिंधी. लॅबमध्ये दोन मशीन होती. मोठं काँक्रीटसाठी, ती 'थोरली'. छोटं पातळ पत्र्यांसाठी, ती 'धाकटी'. खंडेनवमीला आम्ही दोघींना हार घालायचो. मामा त्या समारंभात नसायचे, पण आदल्या दिवशी दोघींना पुसून, ग्रीस भरून तयार ठेवायचे आणि पेढे वाटताना बरोबर हजर व्हायचे. हाराची पानं रुळात अडकतात म्हणून दुसऱ्या दिवशी कुरकुरायचे, तेही ठरलेलं.

खडूचं कारण असं, की कुठलीही वस्तू मोडायच्या आधी मामा ती हातात घेऊन टिचक्या मारायचे, कानाशी धरायचे आणि ती किती भाराला जाईल तो आकडा मशीनच्या खांबावर लिहायचे. पोरं चहाची पैज लावायची. आता तुम्हाला वाटेल, मामांचा आकडा दर वेळी बरोबर यायचा. छे! निम्म्या वेळा सपशेल चुकायचा. चुकला की मामा कोपरानं तो पुसून टाकायचे आणि आज ठोकळा खोटं बोलला म्हणायचे. बरोबर आला की मात्र तो आठवडाभर खांबावर राहायचा आणि झाडणाऱ्या मावशींनासुद्धा पुसायची परवानगी नसायची.

मामांचा एक किस्सा आमच्या कॉलेजात प्रत्येक नव्या माणसाला ऐकवला जायचा. कुठल्याशा बांधकामाचे काँक्रीटचे ठोकळे तपासायला आले होते. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा माणूस, आणि माणसाबरोबर डाळिंबाची पेटी. ठोकळे जरा सांभाळून घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. सगळ्यांना वाटलं, मामा आता पेटी परत करणार आणि त्याला चार शब्द सुनावणार. मामांनी पेटी ठेवून घेतली. पोरांना बोलावलं, मावशींना बोलावलं, वॉचमनला बोलावलं, डाळिंबं फोडून सगळ्यांना वाटली आणि स्वतःही दोन खाल्ली. मग हात धुतले, ठोकळे थोरलीत घातले आणि तिन्ही ठोकळे नापास झाल्याचा कागद त्या माणसाच्या हातात दिला. तो माणूस लालबुंद झाला. मामा म्हणाले, "आमी खाल्ली व्हय. थोरलीनं न्हाई खाल्ली."

हा किस्सा लक्षात ठेवा. मला तो नको त्या वेळी आठवला होता.

मी त्या लॅबमध्ये शिरले ते पीएचडीसाठी. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा माझा चार वर्षांचा संसार. विषय सांगितला की नातेवाईक चहाला उशीर होतोय म्हणून आत जायचे, इतका तो रसाळ. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये धातूची जाळी बसवून केलेली हलकी पॅनेल. खोक्याचा पुठ्ठा फाडून बघितलाय ना? वरखाली सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद. तसंच, पण स्टेनलेस स्टीलचं, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढ्या उंचीच्या तिरक्या काड्यांची जाळी. आत बहुतेक मोकळी जागाच. वजनाला काही नाही, पण ताकद भक्कम. असं पॅनेल दाबलं किंवा वाकवलं तर ते कुठे आणि केव्हा मोडतं, हे मला शोधायचं होतं.

पहिला तुकडा मी मामांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून आरपार बघितलं.

"मॅडम, ह्यात तर सगळी हवाच हाय. आता हवा मोडायची व्हय?"

मग नेहमीसारख्या टिचक्या मारल्या, कानाशी धरला, आणि एका कोपऱ्यावर खडूनं फुली केली. म्हणाले, इथं आतून टाका सुटलाय. मी तेव्हा फार शहाणी होते. मामांना समजावून सांगितलं, की हे टाके नसतात, सांधे असतात, आणि ते भट्टीत एकदम बसतात, त्यामुळे एकच सुटायचा प्रश्न येत नाही. मामांनी ऐकून घेतलं. तुकडा कापून बघितला तर फुलीखालची काडी पत्र्याला चिकटलेलीच नव्हती. त्या दिवसापासून मी मामांशी जरा खालच्या आवाजात बोलायला लागले.

ही पॅनेल नागापूरला एका वर्कशॉपमध्ये बनायची. पत्र्याला भोकं पाडून जाळी करायची, ती प्रेसवर दुमडायची, टोकांना तांब्याचा लेप लावून वरखाली पत्रे ठेवायचे आणि भट्टीत घालायचं. लेप वितळला की जाळी पत्र्याला कायमची धरते. वर्कशॉपवाले माझं काम त्यांच्या कामातून जागा उरली की करायचे, त्यामुळे चार पॅनेलला दोन महिने लागायचे. आणायला मी आणि मामा जायचो, माझ्या स्कूटरवर. मामा मागे बसायचे आणि पॅनेल मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे. जाताना त्यांचं ते जुनं प्रेसशॉप लागायचं. तिथे मामा ओरडून सांगायचे, की ह्या बाजूचा कान ह्यांच्याकडंच ठेवलाय. दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी मी हसायचे.

एकदा माझ्याकडून मापाचा घोळ झाला. वर्कशॉपला दिलेल्या चित्रात मी लांबीचा आकडा चुकीच्या ओळीत लिहिला आणि तीन फूट लांब, दीड फूट रुंद असं एक भलंमोठं पॅनेल तयार होऊन आलं. मामांनी विती घालून मोजलं.

"धाकटी दोन फुटाची हाय मॅडम. हे पाय भायेर काढून झोपंल."

ते पॅनेल मग कपाटामागे उभं राहिलं. मामांनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं, कारण ते नुसतं उभं असायचं आणि कुणाला त्याला काम सांगता यायचं नाही. अधूनमधून मामा ते पुसायचे.

आता मूळ गोष्ट. पॅनेल वाकवायची चाचणी अशी असते: खाली दोन रूळ, त्यावर पॅनेल आडवं ठेवायचं आणि वरून मध्यावर तिसरा रूळ दाबत आणायचा. पहिलं पॅनेल आम्ही धाकटीवर ठेवलं. दोन महिन्यांची वाट बघून आलेलं पॅनेल! मी कॉम्प्युटरसमोर बसले, भाराची रेघ वर चढायला लागली, आणि मिनिटभरात धप्पकन खाली आली. वरचा रूळ पातळ पत्र्यात रुतला होता आणि त्याच्याखालची जाळी तेवढ्याच जागी चेंगरली होती. बाकीचं पॅनेल कोरं करकरीत. मला बघायची होती अख्ख्या जाळीची ताकद, आणि इथे रुळानंच घात केला. मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडले. तेव्हा घरी सासूबाई आजारी, कॉलेजचे तास, वर्षं हातातून चाललेली, सगळं एकदम आलं. चेंगरलेलं पॅनेल उचलून मामांनी चिंधीनं पुसलं, हेच मला आठवतं.

पुढच्या खेपेचं पॅनेल मात्र टिकलं. नुसतं टिकलं नाही, माझ्या गणितात होतं त्याहून बराच जास्त भार त्यानं घेतला आणि मग मध्ये जाळी सरकून झोकात मोडलं, अगदी पुस्तकात दाखवतात तसं. त्याच्या पुढचंही तसंच. मी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, खिशात खडूशेजारी ठेवला. एरवी पेढ्याला पहिला हात त्यांचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एक खडा मात्र दाताखाली येत राहिला. पॅनेल गणितापेक्षा जास्त भार घेत होती, पण वाकतही गणितापेक्षा जास्त होती. वस्तू जास्त ताकदीची आणि जास्त मऊ, दोन्ही एकदम? पाच महिने मी ह्याच्यावर डोकं घातलं आणि शेवटी एक सिद्धांत काढला. जाळीचे सांधे म्हणे किंचित लवतात, म्हणून पॅनेल वाकतं जास्त, आणि लवताना भार आजूबाजूच्या काड्यांना वाटून देतात, म्हणून मोडतं उशिरा. पंचवीस पानं लिहिली. माझे गाइड म्हणजे आमचे विभागप्रमुख, ते वाचून खूष झाले. नवीन काहीतरी आहे, म्हणाले. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा असं काही म्हणाले होते, आणि मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

प्रबंध द्यायच्या आधी विभागात सगळ्यांसमोर एक सादरीकरण करायचं असतं. ते आम्ही लॅबमध्येच केलं. प्रोजेक्टरची वायर सांभाळायला मामा मागे धाकटीजवळ उभे होते. त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला ते निवृत्त होणार होते. मी चाचणीचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला, त्यात रुळाजवळ माझ्या हातानं काढलेला लाल बाण होता, आणि सांधे कसे लवतात ते मी रंगात येऊन सांगितलं. टाळ्या पडल्या. मागे नजर गेली तर मामा भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते आणि वायर त्यांच्या हातातून कधीच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर मामा माझ्या टेबलाशी उभे. टेबलावर वर्तमानपत्राची पुडी. त्यांनी ती उघडली. आत काळ्या रबराच्या, करंगळीएवढ्या रुंद पट्ट्या होत्या, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या.

मला काही कळेना. मग मामांनी सांगितलं, आणि ते इतक्या हळू बोलत होते की मला पुढे वाकावं लागलं. काँक्रीट तपासताना ठोकळ्याच्या कडेला प्लायवुडची पट्टी लावायची रीत असते, म्हणजे लोखंड एकाच जागी रुतत नाही. गावाकडेही ट्रॉलीत दगड भरताना खाली ट्यूबचा तुकडा टाकतात. माझं पहिलं पॅनेल चेंगरल्यावर, मी रडल्यावर, त्यांनी दुसऱ्या खेपेपासून गुपचूप रुळाखाली पट्टी ठेवायला सुरुवात केली. एक वरच्या रुळाखाली, आणि तशाच खालच्या दोन्ही रुळांवर, पॅनेलच्या टोकांना. मी कॉम्प्युटरवरची रेघ बघत बसायची, त्यामुळे मला दिसलंच नाही. काम झालं की पट्ट्या एप्रनच्या खिशात.

सांगून होईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. रबरामुळे भार पसरला, म्हणून पत्रा चेंगरला नाही आणि पॅनेलनं जास्त भार घेतला. आणि रबर दबलं ते मी पॅनेलच्या वाकण्यात मोजलं. सांधे लवत नव्हते, ट्यूब लवत होती! पाच महिने, पंचवीस पानं, आणि सगळा सिद्धांत ट्रॅक्टरच्या ट्यूबचा. मी फोटो उघडला. माझ्या लाल बाणाच्या अगदी टोकाशी काळी पट्टी ढळढळीत दिसत होती. मी बघितलं नव्हतं, गाइडनी बघितलं नव्हतं, टाळ्या वाजवणाऱ्या एकानंही बघितलं नव्हतं.

मी मामांवर ओरडले. काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते, पण एक वाक्य लिहितेच, कारण ते अजून बोचतं. मी म्हटलं, तुमचं काय जातंय मामा, तुम्ही महिनाअखेरीला घरी जाल, मला इथेच तोंड दाखवायचंय. त्याच रागात मला डाळिंबाचा किस्सा आठवला आणि मी तोही त्यांच्या तोंडावर मारला.

मामांनी पुडीची घडी परत घातली. मग म्हणाले, "तेच मी रातभर म्हनतोय, मॅडम. ठेकेदाराचं खाऊन त्याचं खरं सांगितलं. आन् तुमचं काई न खाता खोटं केलं."

आणि ते जाऊन थोरलीला ग्रीस भरत बसले.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत माझ्या मनात जे आलं ते सांगते. हे फक्त मला आणि मामांना ठाऊक होतं. मामा चालले होते. सिद्धांत सगळ्यांना आवडला होता. फोटो कापून लहान केला असता तर काम फत्ते. मी खरोखरच तो फोटो उघडून माऊस कडेवर नेला होता. पण लॅबमध्ये जाऊन रोज त्या दोन मशीनसमोर मुलांना शिकवायचं होतं, आणि खांबावर मामांचा शेवटचा बरोबर आलेला आकडा अजून तसाच होता.

शेवटी मी गाइडकडे गेले आणि सगळं सांगितलं. पट्टी मामांनी ठेवली, पण न बघणारी मी, हेही सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून पट्टी नीट बघितली. मग म्हणाले, की पट्टी लावणं गुन्हा नाही, तसं लावतात, पण लावली तर लिहायची असते आणि वाकणं पॅनेलच्या खालून मोजायचं असतं. ती पंचवीस पानं मात्र काढावी लागतील. उरलेल्या पॅनेलवर पट्टीशिवाय चाचणी घ्या. माझ्याकडे दोनच पॅनेल उरली होती, आणि तो मामांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी सकाळी आम्ही धाकटी सुरू केली. संध्याकाळी निरोप समारंभ होता, म्हणून मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि वरून तोच निळा एप्रन. मी त्यांना आधी काही कळवलं नव्हतं. नुसतं म्हटलं, मामा, दोन पॅनेल राहिलीत, तुमच्याशिवाय नको. त्यांनी पॅनेल घेतलं, टिचक्या मारल्या, कानाशी धरलं. मग मला दोन्ही हात उघडून दाखवले, एप्रनचे खिसेही उलटे करून दाखवले. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, मामा, असं नका करू. ते म्हणाले, "बघून घ्या. बघायचं असतं."

खांबावर त्यांनी आकडा लिहिला. आधीच्या पॅनेलच्या निम्म्याहूनही कमी. मी कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला आणि पहिल्यांदाच, चार वर्षांत पहिल्यांदाच, उठून मशीनजवळ आले. मामांनी हात वर केला. रूळ खाली आला. आधी काहीच नाही, मग अगदी बारीक, उन्हात पत्रा तापल्यावर येतो तसा आवाज. टक्. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला ऐकू आलं होतं. पुन्हा एकदा टक्, आणि रूळ पत्र्यात रुतला, जाळी चेंगरली, संपलं. कुरूप, एका जागी बसलेला खड्डा. मामांचा आकडा जवळजवळ बरोबर आला होता.

दुसरंही तसंच गेलं. प्रबंधात पंचवीस पानांच्या जागी नऊ पानं आली. पॅनेलच्या आत काय आहे ह्याच्याइतकंच त्याला कुठून आणि कशानं दाबता हे महत्त्वाचं, असं त्यात आहे. पट्टी असताना आणि नसताना, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. दिपवणारं काही नाही, पण खरं आहे. मामांचं नाव मी आभारात घालणार होते, त्यांनी नको म्हटलं. जिथं पट्टीचं लिहिलंय तिथं लिहा, हा त्यांचा हट्ट. म्हणून माझ्या प्रबंधात एका तळटीपेत लिहिलंय, की रबराच्या पट्ट्या श्री. साळवे यांनी बसवल्या आणि त्यांनीच त्या निदर्शनास आणल्या. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी ती टीप वाचून, हे गृहस्थ कोण, असं विचारलं. मी उत्तर द्यायला लागले आणि ते बराच वेळ ऐकत राहिले.

त्या शेवटच्या संध्याकाळी निरोप समारंभात मामांना शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं मिळालं. भाषण करा म्हटल्यावर ते दोनच वाक्यं बोलले, की थोरलीला दर महिन्याला ग्रीस द्या आणि धाकटीच्या डाव्या रुळावर पाणी पडू देऊ नका. मला काय द्यावं सुचत नव्हतं. शेवटी कपाटामागून जावईबापूंना काढलं, स्टोअरच्या वहीत सही करून सोडवलं आणि लाल रिबन बांधून मामांना दिलं. सगळे हसले. मामांनी ते बगलेत घेतलं आणि एसटीनं गावी नेलं. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं होतं म्हणे.

त्यानंतर दीडेक वर्षानं परीक्षेच्या कामासाठी मला कर्जतला जायचं होतं. परत येताना वाट वाकडी करून मामांच्या गावी गेले. घर साधं, समोर पडवी, आत भिंतीशी बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारी आमच्या कॉलेजचं घड्याळ. मामींनी चहा ठेवला. मामा वाळले होते. मी दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी वर बघितलं. डावा कानही आता निघालाय, असं मामींनी मला खुणेनं सांगितलं. मला वाईट वाटलं, फार वाईट. जगातले सगळे कान जावेत आणि हा एक राहावा, असा तो कान होता.

चहा झाल्यावर मामा मला घरामागे घेऊन गेले. कालव्याची एक लहान चारी तिथून जाते आणि तिच्या पलीकडे शेळ्यांचा गोठा. मामींचे गुडघे दुखतात, चारी ओलांडणं जमत नाही, आणि आधीची फळी कुजून गेली होती. तिथे जावईबापू आडवे पडले होते. उन्हात चकचकत. कडेला चिखल, वर शेळ्यांच्या पायांचे ठसे.

"शेवटी कामाला लागले बघा," मी मोठ्यानं म्हणाले.

मामांना ऐकू आलं की ओठ वाचले, ठाऊक नाही. ते खाली बसले आणि पॅनेलच्या टोकाखाली बोट दाखवलं. दोन्ही टोकांना काळ्या पट्ट्या होत्या. त्याच ट्यूबच्या.

"हितं मोडायचं न्हाई ना," ते म्हणाले. "हितं मानूस पलीकडं गेलं पायजे."

तेवढ्यात मामी कडब्याची पेंढी घेऊन आल्या, शेळ्यांना टाकायला. पॅनेलवर पाय ठेवायच्या आधी त्या थांबल्या आणि मामांकडे बघितलं. मला वाटलं, मामा मान वाकडी करून कान लावतील. पण त्यांनी गुडघ्यावर बसून उजव्या हाताचा पंजा पॅनेलच्या कडेवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. दुसरा हात वर केला, लॅबमध्ये करायचे तसाच. मी गप्प झाले. मामी हळूहळू पलीकडे गेल्या, पेंढी टाकली, तशाच परत आल्या, आणि त्यांचा दुसरा पाय ह्या बाजूच्या मातीवर टेकेपर्यंत मामांनी हात खाली घेतला नाही.